बाहेरून बसणारी

फाल्गुन लागला की आमच्या इमारतीसमोरच्या अभ्यासिकेबाहेर चपलांचा ढीग वाढत जातो. सांगलीत आता गल्लोगल्ली अशा अभ्यासिका झाल्या आहेत. आत गार हवा, प्रत्येकाला वेगळा लाकडी कप्पा आणि भिंतीवर ‘शांतता राखा’. मी गॅलरीत उभी राहून चपला बघत असते. सकाळी काढून ठेवलेला जोड दुपारीही तिथंच दिसला की बरं वाटतं. कुणाचा का असेना, त्याची बैठक जमली म्हणायची. आणि घटकेत इथं, घटकेत तिथं दिसणारी चप्पल असली की तिचा मालक कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर सापडणार, हे मी वरूनच सांगते. रिटायर झालेल्या मास्तरणीला दुसरा उद्योग तरी काय असणार!

वरच्या मजल्यावरची गार्गी यंदा डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला बसते आहे. परवा जिन्यात भेटली तेव्हा तोंड उतरलेलं होतं. म्हणाली, सगळं येतं मला आजी, पण तासाभरानं डोकं जागेवर राहत नाही. तिच्या क्लासात म्हणे एकाग्रतेचासुद्धा वेगळा तास असतो. डोळे मिटून श्वासाकडं लक्ष द्यायचं, मग मोबाईलवर घंटा लावून बसायचं, रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं. एरवी मी अशा गोष्टींची टर उडवते. त्या दिवशी उडवली नाही. सगळं येतं आणि बसता मात्र येत नाही, हे दुखणं माझ्या घरचं आहे.

आपल्या भाषेत परीक्षा देतात तसं परीक्षेला बसतातही. उभं राहून, पळून, धडपडून परीक्षा होत नाही, बसावं लागतं. पंगतीला बसतात, दुकानावर बसतात, गवयाची बैठक असते, पैलवानाच्या बैठका असतात. आणि बायका बाहेर बसतात. हे शेवटचं बसणं गार्गीला सांगावं लागलं. सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. ‘म्हणजे चार दिवस नुसतं बसून राहायचं?’ तिनं विचारलं, आणि मग अगदी हळूच म्हणाली, ‘किती छान.’ पोर एवढी दमली आहे.

मी बाहेर बसायची ते घर मिरजेच्या पूर्वेला, पानमळ्यांच्या गावात होतं. साल सत्तरच्या पुढचं. लढाई संपली होती. गावातले पलटणीतले गडी रजेवर येऊन, जत्रा करून, परत गेले होते. त्यानंतर कधीतरी, कुठल्याशा डोंगरातल्या रस्त्यावर लष्कराची एक गाडी दरीत गेली आणि तिच्यात हे होते. लढाईत गेले असते तर लोकांना निदान काय बोलायचं ते कळलं असतं. गाडी घसरली म्हटल्यावर माणसं नुसती मान हलवायची आणि उठून जायची. माझं वय तेव्हा आताच्या गार्गीपेक्षा फार नव्हतं. मूलबाळ नव्हतं. मलकापूरला माहेरी भाऊ होता, त्याचा संसार होता, आणि चार दिवसांच्या पुढं माहेर हे माहेर राहत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

घरात थोरले दीर, त्यांची बायको म्हणजे आमच्या अक्का, त्यांची पोरं, आणि सासू. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. उंच, काळ्यासावळ्या, दातांना मशेरी लावून दिवसाची सुरुवात करणाऱ्या आणि दिवसभरात मोजकं बोलणाऱ्या. मुलगा गेल्याची तार आली त्या दिवसापासून त्यांनी त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. मी तर नवऱ्याचं नाव घेत नव्हतेच. असं ते नाव त्या घरातून बंद झालं. एकाच माणसासाठी दोघी झुरत होतो, पण एकमेकींशी त्याबद्दल चकार शब्द नाही. मी भाकरी थापायची, त्या भाजायच्या. मधे चूल.

मला मात्र दिवसभर हाका असायच्या. शालन, म्हस सुटली बघ. शालन, पोराला घे. शालन, घागर. अक्का हाक मारायच्या, पोरं हाक मारायची, आत्याबाईही हाक मारायच्या. बिनपोराची, बिननवऱ्याची बाई म्हणजे घरात सगळ्यांच्या हाताशी असलेली वस्तू. कुणी वाईट वागत होतं असं नाही. पण माझं नाव कामाशिवाय कुणी घ्यायचं नाही, आणि एक माणूस ते नाव नुसतंच घ्यायचा, काही काम नसताना, पानमळ्याच्या बांधावरून, ‘शालेऽ’ असं लांबवून. ऐकून मी वळून बघितलं की हे म्हणायचे, काही नाही, जा.

गावच्या मुलींच्या शाळेत मुलाणीबाई होत्या. मिरजेहून रोज एसटीनं यायच्या. मी माहेरी नववीपर्यंत शिकले होते हे त्यांना कुठूनसं कळलं, आणि त्यांनी माझा पिच्छाच पुरवला. मॅट्रिक हो, मग मास्तरणीचं ट्रेनिंग कर, आपल्या पायावर उभी राहा. शाळेत न जाता परीक्षा द्यायची सोय होती. तिला बाहेरून बसणं म्हणत. एक दिवस बाई आमच्या सोप्यावर येऊन बसल्या. आत्याबाई समोर पानं निवडत होत्या, चांगली एकावर एक लावत, खराब बाजूला टाकत. बाईंनी सरळ विषय काढला.

“आत्याबाई, तुमची शालन यंदा बाहेरून बसंल म्हणते मी.”

आत्याबाईंनी मान वर केली नाही. “भाईर व्हय? ती दर म्हैन्याला बसतीयाच की.”

मुलाणीबाईंनी पदर तोंडाला लावला. मी आतल्या दाराआड होते, मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. थोरल्या दिरांनी मात्र रात्री जेवताना सांगितलं की बसू दे एकदा, लोकांनी म्हणायला नको की अडवली. गावात बरेच दिवस तो विनोद चालला. विहिरीवर बायका विचारायच्या, शालन औंदा भाईरनं बसनार की भाईर बसनार? हसण्यावारी नेत होते मी. दुसरं काय करणार?

त्या दिवाळीआधीच्या परीक्षेत मी नापास झाले. कसं ते सांगते, कारण त्यातच सगळं आहे. मिरजेच्या एका शाळेत आमचं केंद्र होतं. इतिहासाचा पेपर. मला येत होता. चांगला येत होता. निम्मा झाला असेल, हात भरभर चालला होता, वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. आणि मला हाक ऐकू आली. माझ्या नावाची, स्पष्ट. मी उठून उभी राहिले. हाक आली की उठायचं, एवढंच माझ्या अंगाला ठाऊक होतं. सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. देखरेखीवरचे गुरुजी जवळ आले आणि म्हणाले, झालं? उभी राहिल्यावर परत बसायचं कसं, हे मला सुचेना. मी हो म्हणाले. पेपर देऊन बाहेर आले आणि शाळेच्या फाटकाशी कितीतरी वेळ तशीच थांबले. हाक मारणारं तिथं कुणीच नव्हतं.

पुढच्या पेपरांना उठले नाही, पण बसलेही नाही. टेकले होते, एवढंच. सगळा जीव कानात. निकाल लागला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. थोरले दीर म्हणाले, शिमग्याच्या सुमाराला पुन्हा परीक्षा असती म्हणं. तेवढी एक दे. न्हाई जमलं तर पुस्तकं चुलीत, आन् पुन्यांदा ह्या घरात तो विषय नगं. रागानं नाही म्हणाले. पण त्यांचा शब्द म्हणजे शब्द असायचा. म्हणजे उरला तो एकच हंगाम. त्यात जमलं तर मी माझी, नाहीतर जन्मभर त्या हाकांची.

मुलाणीबाई निकालानंतर पुन्हा घरी आल्या. त्या चिडल्या होत्या. त्यांचं माहेर मिरजेत, सतारी करणाऱ्यांच्या गल्लीतलं. लहानपणी त्यांनी बघितलं होतं की कुणी शिकायला आलं की घरचे म्हातारे त्याची बोटं बघायचे नाहीत. बस म्हणायचे, आणि तो किती वेळ न हलता बसतो ते बघायचे. ते सांगून बाई म्हणाल्या, हिला डोकं आहे, बैठक नाही. आणि ती कशी असणार? उठता-बसता हाका ऐकणाऱ्या पोरीनं एकदम तीन तास बसायचं कसं? परीक्षेत म्हणे हिला कुणी हाक मारली. उठून उभी राहिली खुळी.

आत्याबाईंचा पानं लावणारा हात थांबला.

“बाईची का बाप्याची?” त्यांनी विचारलं.

बाईंना प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. आत्याबाईंनी एक पान बाजूला टाकलं आणि पुढचं घेतलं.

त्यानंतरचा हिवाळा मला आजही अंगावर घालता येईल इतका ठाऊक आहे. गोठ्याच्या कडेला वैरणीची खोली होती. बाहेर बसायचं ते तिथं. एक पटकूर, एक जर्मनचं ताट, एक तांब्या. आमच्या घरी सोवळंओवळं फार होतं अशातला भाग नाही, पण पानमळा होता. बाहेरची बाई मळ्यात गेली तर वेल कुजतो, तिची सावली पडली तरी पान डागाळतं, असं आमच्याकडं पक्कं. त्यामुळं त्या दिवसांत मळा नाही, चूल नाही, पाणी नाही. वरून भाकरी वाढायची, लांबून बोलायचं. कडब्याचा वास, म्हशीचं रवंथ आणि वारा तिकडून असला तर मिरजेच्या इंजिनाची लांबून येणारी शिट्टी.

मार्गशीर्षात एका सकाळी मी डोक्यावरून न्हाऊन, ओले केस बांधून घरात शिरायला गेले तर आत्याबाई उंबऱ्यात उभ्या. मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्या घराला ऐकू जाईल असं, “शिवू नगंस. आजून भाईरच बस.”

माझे दिवस संपले होते. त्यांना ते ठाऊक होतं. बायकांच्या घरात असलं काही लपत नाही. तरी मी परत फिरले. सासूला उलट विचारायची रीत नव्हती. पटकुरावर बसले आणि डोळ्यांतून पाणी आलं. कुंकू गेलेल्या बाईला मंगल कामात पुढं घेत नाहीत हे मी शिकले होते. आता चुलीपुढंही नको झाले, असं मला वाटलं. पौषात तेच. माघात तर दिवस भरायच्या आधीच त्यांनी अक्कांना सांगून टाकलं की हिला कावळा शिवलाय, आणि मला वैरणीच्या खोलीकडं बोट दाखवलं. मी तोंड उघडलं तशी त्या वळून आत गेल्या. संक्रांतीला गावभरच्या बायका वाण घेऊन आल्या, हसल्या, खिदळल्या, गेल्या. मी भिंतीपलीकडून बांगड्यांचे आवाज ऐकत बसले होते. मला इतकं एकटं त्यानंतर कधी वाटलं नाही. तार आली त्या दिवशीसुद्धा नाही, कारण त्या दिवशी घर भरून माणसं होती.

अक्का कुरकुरायच्या. किती दिस बसती ही भाईर, अक्रीतच हाय. कामं काय आमीच वढायची व्हय? आत्याबाई सांगायच्या, तिचं रगात लय जातंय, दवा चालू हाय. कसली दवा आणि कसलं काय. मी खोलीच्या फटीतून बघायची, माझ्या वाटच्या घागरी त्याच भरायच्या, शेण त्याच काढायच्या, कमरेवर हात ठेवून मधेच उभ्या राहायच्या. दुपारी पानांची टोपली घेऊन खोलीच्या बाहेर, माझ्याकडं पाठ करून बसायच्या. पोर आलं की हाकलायच्या, शेजारीण आली की तिकडूनच परत पाठवायच्या, आमची शालन भाईर हाय, इकडं येऊ नगासा. मला वाटायचं, पहारा देतात. मी कशाला शिवेन म्हणून.

रिकामं बसून करायचं काय? पुस्तकं होती. मुलाणीबाईंनी शाळेतून पाठवलेली, कोपरे दुमडलेली. घड्याळ नव्हतं. समोर गोठ्याच्या भिंतीवर शेवग्याची सावली पडायची. जेवणं झाली की ती भिंतीच्या पायाशी असायची आणि पोरं शाळेतून सुटायच्या वेळी म्हशीच्या पाण्याच्या दगडी डोणीपर्यंत पोचायची. तेवढा वेळ न उठता बसायचं, असं मी ठरवलं. सुरुवातीला सावली तसूभर हलायच्या आत मी तीनदा उठायची. पाय मुंग्यांनी भरायचे, तांब्या रिकामा नसताना तहान लागायची, कडब्यात काही खसफसलं की तेच बघत बसायची. मन म्हणजे दावं तोडलेलं वासरू. ओढून आणावं, तर ते दुसऱ्या बाजूनं पसार. मग मी त्याच्यामागं धावणं सोडलं. आपण जागचं हलायचं नाही, एवढंच ठरवलं. ते हुंदडून दमलं की आपोआप यायचं. कधी लवकर, कधी डोणीला सावली टेकल्यावर.

आणि एक गोष्ट मला तिथं कळली. घरच्या हाका त्या खोलीत पोचत नव्हत्या. आत्याबाईंच्या पाठीवर आपटून त्या परत जायच्या. पण त्या थांबल्या तशी त्यांच्याखाली दबलेली दुसरी हाक वर आली. बांधावरून मारलेली, लांबवलेली, बिनकामाची. गणिताच्या ऐन मध्यावर यायची. परीक्षेत ऐकू आली होती ती हीच. तेव्हा नाही म्हणत होते, पण आवाज मी ओळखला होता.

तिला उत्तर द्यायला उठून कुठं जाणार? पहिल्यांदा आली की मी पुस्तक मिटून रडायची. मग एकदा कंटाळून, खरंच कंटाळून, मी हलकेच म्हणाले, “अवं थांबा की जरा. एवढं गणित हुंदे.” आणि ते थांबले. हसू येईल कुणाला, पण थांबले. गणित झाल्यावर मी पाटी बाजूला ठेवली आणि मनातल्या मनात बांधापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी दोन गणितं होईपर्यंत थांबवलं. मग एक धडा. मग सावली निम्म्यावर येईपर्यंत. बिचारे थांबायचे. जिवंतपणी कधी एवढे थांबले नव्हते.

शिमगा जवळ आला. पळसाची फुलं आली, ऊस तोडायला आलेल्या माणसांच्या गाड्या रस्त्यानं जायला लागल्या, पोरं लाकडं गोळा करत बोंबा मारत हिंडायला लागली. एका दुपारी मी मान वर केली तर सावली डोणीच्या पलीकडं गेली होती. पेपरभर लिहून झालं होतं. पाय जागेवर, डोकं जागेवर. मला भारी आनंद झाला. आणि मग ध्यानात आलं की आज ते आलेच नाहीत. हाकच आली नाही. मी बराच वेळ कान देऊन बसले. म्हैस रवंथ करत होती, आत्याबाईंची पाठ दिसत होती. आत्याबाईंशी बोलावं असं फार वाटलं. तुमचा मुलगा आज आला नाही, असं सांगावंसं वाटलं. पण मी बाहेर होते आणि त्यांचं तोंड पलीकडं.

एकाग्रतेची किंमत काय असते ते गार्गीच्या क्लासात कुणी सांगत नसेल. सांगूही नये. पण मी बसायला शिकले ती एका माणसाला थांबवून, आणि थांबवता थांबवता तो यायचाच बंद झाला. त्यानंतर ती हाक मला पुन्हा ऐकू आली नाही. पुढं आयुष्यात कितीतरी वेळा मुद्दाम मन मोकाट सोडून बघितलं. नाही आली.

मॅट्रिक झाले. सांगलीला ट्रेनिंग झालं, नोकरी लागली, बदल्या झाल्या, शेकड्यांनी पोरं माझ्या हाताखालून गेली. सगळ्या वर्गांत मी एक नियम पाळला. पोर लिहीत असताना त्याचं नाव घ्यायचं नाही. आत्याबाईंना सांगलीला चला म्हणून दर सुट्टीत म्हणायची. त्या यायच्या नाहीत. माजी बैठक हितंच, म्हणायच्या. मी गेल्यावर माझ्या वाटच्या घागरी त्यांच्याच कमरेवर राहिल्या, हे मला कळत होतं. त्या गेल्या त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. वैरणीची खोली पाडून तिथं मोटारसायकली लावतात.

आता दिवसभर बसता येतं. या घरात मी आणि भिंती. पुस्तक घेऊन बसले तर ऊन या खिडकीतून त्या खिडकीत जातं, मधे कुणी ओ म्हणत नाही. गार्गीला हेवा वाटतो. तिला काय सांगू, बाहेर बसायचं तर आत कुणीतरी असावं लागतं. हल्ली दुपारी ती माझ्याच मागच्या खोलीत येऊन बसते. काल तिची आई तिला बोलवायला आली, पाहुणे आलेत, दोन मिनिटं पाठवा म्हणाली. मी दारात आडवी उभी राहिले. ती बसली आहे, म्हटलं. आता नाही मिळायची. बाई जरा चमकलीच. मग गेली.

शिमग्याच्या त्या परीक्षेतल्या पहिल्या पेपरची सकाळ सांगायची राहिली. उजाडता उजाडता मला खरोखरचीच अडचण आली. ठरल्या दिवसाच्या कितीतरी आधी, भीतीनंच असेल. लुगड्याची घडी करून घेतली, वैरणीच्या खोलीशी जाऊन उभी राहिले. एसटीची वेळ होत आली होती. आत्याबाई फडक्यात भाकरी बांधून आल्या. नेहमीसारख्या लांब थांबल्या नाहीत. तशाच पुढं येत राहिल्या. मी मागं सरले.

“आत्याबाई, शिवू नगासा. आज मी खरंच भाईर हाय.”

“ठावं हाय मला,” त्या म्हणाल्या. आणि दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवून त्यांनी स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मशेरीचा वास आला. मुलगा गेल्यापासून त्यांचा हात मला पहिल्यांदा लागला होता. मी तशीच उभी. पानमळा समोर हिरवागार.

“खुळे,” त्या म्हणाल्या, “तू आमाला शिवशील म्हून न्हाई बसवली भाईर. तुला कुनी शिवू नगं म्हून बसवली.”

रस्त्याकडून एसटीचा भोंगा आला. आत्याबाईंनी भाकरी माझ्या हातात दिली आणि हात तसाच धरून ठेवला.

“जा. नीट बस. आन् कुनी हाक मारली तर उठू नगंस.” त्या थांबल्या. “माज्या दत्तूनं मारली तरी.”

तारेनंतर त्या घरात ते नाव पहिल्यांदाच घेतलं गेलं. मी मान हलवली, आणि जाऊन एसटीत बसले.